आखाड्यावरचा नाताळ

आमच्याकडं शेतातल्या निवाऱ्याला आखाडा म्हणतात. पुण्यात हा शब्द काढला की समोरच्याला लाल माती आणि पैलवान दिसतात. हिंगोली जिल्ह्यात आखाडा म्हणजे वर चार पत्रे, खाली बैलांची दावण, एका अंगाला कडबा, एक सुतळीची बाज आणि खुंटीला टांगलेली बॅटरी. कळमनुरी तालुक्यात तर आखाडा बाळापूर नावाचं मोठं गावच आहे. डिसेंबरात माणसं या आखाड्यावर राती जागून काढतात, गव्हा-हरभऱ्याला पाणी द्यायला. मोटारीला लागणारी वीज आमच्या शिवारात एक आठवडा दिवसा असते आणि एक आठवडा रात्री. रात्रीच्या आठवड्यात ती आली की स्टार्टरचं बटण दाबायचं आणि अंधारात दांडाच्या कडेकडेनं चालत राहायचं. एक सारा भरला की फावड्यानं त्याचं तोंड बुजवायचं, पुढच्याचं फोडायचं. पाणी विहिरीतून येतं तेव्हा कोमट असतं, शेवटच्या वाफ्यापर्यंत पोचता पोचता बर्फ होतं. रानडुकरं तुरीत घुसलेली असतात, रोही उभ्या पिकातून धडधडत जातात, आणि पायाखाली काय आहे ते बॅटरीच्या गोलात आलं तरच कळतं.

काही वर्षांपूर्वी नाताळच्या सुट्टीत मी गावी गेलो आणि २४ डिसेंबरची रात्र नेमकी पाण्याच्या पाळीत आली. धाकटा चुलतभाऊ एकटाच निघाला होता. माय म्हणाली, "दोघं जा. आन् मी तासाला मिस कॉल देईन, तुमी उलटा द्यायचा." तिची ही जुनी रीत. ती एक घंटी वाजवून फोन ठेवते, शेतातला माणूस एक घंटी परत देतो. बोलणं काही नाही. घंटी आली म्हणजे माणूस आहे.

मोबाइलमध्ये मी एक सिनेमा भरून नेला होता. मोठा सारा भरायला वीसेक मिनिटं लागतात. तेवढ्या वेळात शेकोटीपाशी बसून, पऱ्हाट्या मोडून आगीत सारत, तुकड्या-तुकड्यानं तो बघितला. 'ब्लॅक ख्रिसमस' त्याचं नाव. १९७४ सालचा, कॅनडातला. बॉब क्लार्क नावाच्या दिग्दर्शकानं तो टोरांटोत अगदी थोड्या पैशांत काढला. एक जुनं मोठं घर, त्यात राहणाऱ्या कॉलेजच्या मुली, सुट्टी लागलेली, बॅगा भरणं चाललेलं. दाराला हिरव्या पानांचं कडं, खिडक्यांत रंगीत दिव्यांच्या माळा. सिनेमा सुरू होतो न होतो तोच कुणीतरी भिंतीवरच्या वेलाच्या जाळीवरून चढून माळ्यावर शिरतो. तो कोण, कुठला, का आला, हे शेवटपर्यंत कुणी सांगत नाही. त्याचा चेहरा दिसत नाही. एकदा दाराच्या फटीत एक डोळा दिसतो, तेवढाच. तो चढताना आपल्याला दिसतं ते त्याच्या डोळ्यांनी, आणि धाप ऐकू येते ती त्याची. कॅमेरा चालवणाऱ्या बर्ट डंक यांनी कॅमेरा खांद्यावर बांधून घेतला आणि ते स्वतः ती जाळी चढले. आज असल्या दृश्यासाठी काय काय यंत्रं येतात; तिथं एका माणसाचा खांदा आणि त्याचा खराखुरा धापता श्वास होता.

मग खालच्या दिवाणखान्यातला फोन वाजतो. मुली रिसीव्हरभोवती डोकी जुळवून ऐकतात. एकाच तोंडातून दोन-तीन माणसं बोलल्यासारखे आवाज, रडणं, किंचाळणं, लहान मुलासारखं काकुळतीला येणं. हे आवाज काढणाऱ्यांपैकी निक मॅनकुसो या नटानं गळा दाबला जावा म्हणून डोक्यावर उभं राहून संवाद म्हटले होते. संगीत देणाऱ्या कार्ल झिट्ररनं पियानोच्या तारांना काटे, कंगवे, सुऱ्या बांधल्या आणि मग पट्ट्या दाबल्या. त्यातून निघालेला आवाज ना वाद्याचा ना भांड्याचा, घरातलीच एखादी वस्तू दुखावल्यासारखा. मला हे फार मोलाचं वाटतं. ज्याच्याकडं वाद्यवृंद नाही तो स्वयंपाकघरात जातो. भीती अखेर तिथलीच असते.

त्या सिनेमात एक मुलगी आहे, क्लेअर. सगळ्यांत आधी ती जाते. खून करणारा तिला माळ्यावर नेऊन खिडकीपाशी झुलत्या खुर्चीत बसवतो, डोक्याभोवती गुंडाळलेलं प्लॅस्टिक तसंच. दुसऱ्या दिवशी तिचा बाप तिला सुट्टीसाठी घरी न्यायला येतो. ठरलेल्या जागी थांबतो, लेक येत नाही. मग तो त्या घरात येतो, मैत्रिणींना विचारतो, पोलिसांत जातो, थंडीत बागेत शोधणाऱ्यांच्या रांगेत चालतो. आणि ती सबंध वेळ त्याच घराच्या माळ्यावर खिडकीत बसलेली असते. सिनेमा संपतो तेव्हाही बसलेलीच असते. कुणी वर बघत नाही.

तो बाप शोधत फिरतो तिथं मी सिनेमा थांबवला. सारा भरला होता म्हणून उठलो असं चुलतभावाला सांगितलं, पण खरं तर त्या बापाकडं बघवत नव्हतं. लेकीला सणाला न्यायला आलेला बाप. आपल्याकडं दिवाळीला मुराळी येतो, तसाच तो. हातात टोपी घेऊन, परक्या घरात अवघडून उभा.

तिथं माझ्या मनात एक गोष्ट पक्की झाली. सण म्हणजे माणसांची मोजणी. एरवी कोण कुठं आहे याचा हिशेब कुणी ठेवत नाही. सणाच्या दिवशी माय ताटं मांडते आणि तिला कळतं की एक कमी आहे. नाताळ घ्या, दिवाळी घ्या, सगळं बाहेरचं माणूस त्या एका रात्री उंबऱ्याच्या आत यावं अशी अपेक्षा असते. म्हणून त्या रात्री न आलेलं माणूस जितकं जाणवतं तितकं वर्षात कधी जाणवत नाही. नाताळातले हे छोटे भयपट त्याच मोजणीवर उभे असतात. त्यांच्याजवळ भूत विकत घ्यायला पैसे नसतात, गर्दी उभी करायला नसतात. एक घर, सात-आठ नट, आणि एकेक आकडा कमी होत जाणं. त्यांना माणसं मोजूनच मिळालेली असतात, म्हणून त्यांना प्रत्येकाची किंमत कळते. मोठ्या खर्चाच्या सिनेमात शहर कोसळतं आणि आपण लाह्या खात राहतो. इथं एक खुर्ची झुलते आणि घास उतरत नाही.

'ब्लॅक ख्रिसमस'मध्ये वरच्या खोलीत एका मुलीचा जीव जात असतो आणि त्याच क्षणी दारात उभी राहिलेली लहान मुलं नाताळची गाणी म्हणत असतात. दार उघडून त्यांचं गाणं ऐकणारी नायिका आनंदानं हसते आहे. गाण्यामुळं वरचं ऐकू येत नाही. सणाच्या आवाजाखाली काय काय बुडतं, हे मी आमच्या गावातही पाहिलं आहे.

बॉब क्लार्कनं नऊ वर्षांनी, १९८३ साली, 'अ ख्रिसमस स्टोरी' केला. एका पोराला नाताळला छऱ्यांची बंदूक हवी असते, एवढीच गोष्ट. अमेरिकेत घरोघरी तो सिनेमा अजून दर नाताळला लागतो. दोन्ही एकाच माणसाचे आहेत हे पहिल्यांदा कळलं तेव्हा नवल वाटलं होतं, आता वाटत नाही. ज्याला घर इतकं बारकाईनं ठाऊक आहे त्यालाच ते आनंदानं भरता येतं आणि त्यालाच त्यातला माळा आठवतो.

भीतीची माझी पहिली ओळख मात्र कॅनडातून आली नाही, हिंगोलीहून ट्रॅक्टरमधून आली. १९८०च्या दशकाच्या शेवटी आमच्या गावात 'व्हिडिओ आणायचे'. घरटी वर्गणी काढायची, हिंगोलीहून रंगीत टीव्ही, व्हीसीआर आणि तीन कॅसेटी भाड्यानं आणायच्या, मारुतीच्या पारासमोर गोणपाटं अंथरायची. पहिली कॅसेट देवाची, म्हाताऱ्यांसाठी. दुसरी मारधाडीची. तिसरी मध्यरात्रीनंतर, भुताची. ती लावायच्या आधी कुणी जाणता माणूस म्हणायचा, लहान लेकरांनी आता घरी जावं. पण घरी जायची वाट अंधारातून होती, म्हणून एकही लेकरू उठत नसे.

ती भुतं रामसे बंधूंची. कराचीत रेडिओचं दुकान चालवणारे एफ. यू. रामसे फाळणीत मुंबईला आले, सिनेमा काढू लागले. १९७० साली त्यांचा 'एक नन्ही मुन्नी लड़की थी' पडला. पण पृथ्वीराज कपूर भयानक मुखवटा घालून चोरीला येतात त्या प्रसंगाला थेटरात लोक दचकतात, हे मुलांच्या ध्यानात आलं. सात भाऊ. कुमार लिहायचे, तुलसी आणि श्याम दिग्दर्शन करायचे, गंगू कॅमेऱ्यामागं, किरण आवाजावर, अर्जुन संकलनाला, केशू निर्मितीच्या धावपळीत. १९७२च्या 'दो गज ज़मीन के नीचे'साठी सगळा बारदाना बसमध्ये घालून ते महाबळेश्वरला गेले आणि तिथंच राहून सिनेमा उरकून आले. एकत्र कुटुंबानं शेत करावं तसा त्यांनी सिनेमा केला. सगळ्यांनी एका नांगराला हात लावायचा, मजूर लावायचा नाही. १९८४च्या 'पुराना मंदिर'नं त्यांना तालुक्या-तालुक्याच्या टुरिंग टॉकीजपर्यंत पोचवलं. त्यातला अनिरुद्ध अगरवाल यांचा राक्षसी सामरी पडद्यावर आला की आमच्या पारासमोर पुरुषांचंही बोलणं बंद व्हायचं.

त्या सिनेमांत नाताळ नव्हता. पण आमच्याकडं व्हिडिओ यायचे ते बहुधा डिसेंबरात, कापूस विकून हातात पैसा आलेला असायचा आणि शाळेला नाताळची सुट्टी असायची तेव्हा. म्हणून माझ्या मनात नाताळ आणि भूत हे लहानपणापासून एकाच गोणपाटावर बसलेले आहेत. एकदा ऐन भरात जनरेटर बंद पडलं. पडदा काळा, आवाज बंद, वर चांदण्या. पाचेक मिनिटं दोनशे माणसं गप्प बसली होती. पिंपळावरून पिंगळा ओरडला. मला अजून वाटतं, त्या रात्रीचा सगळ्यांत चांगला भयपट ती पाच मिनिटं होती. घरी परतताना बापानं आम्हा पोरांना एकामागं एक उभं केलं, पुढच्याचा सदरा धरायला लावला, आणि दर दहा-वीस पावलांवर तो मागं न बघता आकडे म्हणायला लावत राहिला. एक. दोन. तीन. चार. शेवटचा मी.

हिंगोलीत खरा नाताळ कधीकाळी मोठा झाला असणार. निजामाच्या मुलखात इंग्रजांच्या हुकमतीखालची हैदराबाद कंटिंजंट नावाची फौज होती आणि तिच्या छावण्यांपैकी एक आमच्या हिंगोलीत. १९०३ साली ती फौज इंग्रजांच्या लष्करात विलीन झाली, छावणी उठली, नावं राहिली. पलटण, रिसाला, तोफखाना, पेन्शनपुरा, सदर बाजार; आजही रिक्षावाल्याला हीच नावं सांगावी लागतात. आम्ही पोरं रिसाल्याच्या बाजूनं संध्याकाळी जाताना पळत जायचो, कारण बिनमुंडक्याचा साहेब घोड्यावरून फिरतो असं मोठ्या पोरांनी सांगितलेलं. मोठेपणी इंग्रजांची एक रीत वाचनात आली आणि तो साहेब मला वेगळा दिसू लागला. त्यांच्याकडं नाताळच्या रात्री चुलाणाभोवती बसून भुताच्या गोष्टी सांगायची जुनी चाल आहे. चार्ल्स डिकन्सचं 'अ ख्रिसमस कॅरोल' १८४३च्या १९ डिसेंबरला छापून आलं. त्यात एका कंजूष म्हाताऱ्याला एकाच रात्रीत चार भुतं भेटतात. पुढं केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात एम. आर. जेम्स हे विद्वान गृहस्थ नाताळच्या आदल्या रात्री मित्रांना बोलावून, मेणबत्तीच्या उजेडात आपली नवी भूतकथा वाचून दाखवत. वर्षातली सगळ्यांत लांब रात्र नुकतीच होऊन गेलेली असते. आमच्याकडंच ती सुमारे १३ तासांची, तिकडं उत्तरेला आणखी कितीतरी मोठी. हिंगोलीच्या छावणीत, कायाधूच्या धुक्यात, समुद्रापलीकडच्या घराची आठवण काढत बसलेल्या एखाद्या पोरसवदा गोऱ्या अधिकाऱ्यानंही दिव्याखाली अशी गोष्ट सांगितली असेल. ऐकणाऱ्यांत एखादी खुर्ची रिकामी असेल; त्या काळी पटकी आणि ताप माणसं पटापट न्यायचे. त्याच्या गोष्टीतलं भूत उंबऱ्याबाहेर ओसरून आमच्या पोरांच्या तोंडी आलं असेल, असं मला मनापासून वाटतं.

बीबीसीनं १९७१ पासून दर नाताळला एक छोटी भूतकथा दाखवायला सुरुवात केली. खर्च बेताचा, १६ मिलिमीटरची फिल्म, मोजके नट, इंग्लंडातली ओली शेतं. त्यातला १९७६चा 'द सिग्नलमन' मी कितीदा बघितला याची गणती नाही. ही गोष्टही डिकन्सचीच, १८६६ सालची. डोंगर कापून केलेल्या खोल खड्ड्यात, बोगद्याच्या तोंडाशी, एक एकटा सिग्नलवाला. त्याला धोक्याच्या दिव्यापाशी एक आकृती दिसते, हात हलवून सावध करणारी. ती दिसली की काहीतरी अपघात होतो. कुठं होणार हे ती सांगत नाही. डिकन्स स्वतः १८६५ साली स्टेपलहर्स्टच्या रेल्वे अपघातातून वाचले होते, डब्यातून उतरून जखमींना पाणी पाजत फिरले होते. त्या दिवसाचा कंप त्यांच्या अंगातून गेला नाही. म्हणून त्या कथेतली घंटा खरी वाजते.

मला ती जवळची वाटते त्याला कारण पूर्णा-अकोला रेल्वेमार्ग. आमच्या लहानपणी तो मीटरगेज होता. हिवाळ्याच्या रात्री हिंगोली सोडलेल्या गाडीची शिट्टी आमच्या गावापर्यंत यायची, मैलोन् मैल थंड हवेवरून घसरत. गाव अर्धं रिकामं असायचं तेव्हा. दसरा झाला की सेनगाव, औंढ्याकडची कितीतरी घरं कोयते घेऊन ऊसतोडीला निघून जातात. त्यांच्या दारांना डिसेंबरात कुलपं किंवा एखादी म्हातारी. ती शिट्टी ऐकली की आजी हातातलं काम थांबवून, गेलेल्यांची नावं मनातल्या मनात घ्यायची. ओठ हलताना दिसायचे.

१९८४ साली इकडं 'पुराना मंदिर' गाजत होता, तिकडं अमेरिकेत 'सायलेंट नाइट, डेडली नाइट' नोव्हेंबरात लागला. सांताक्लॉजच्या वेशातला खुनी, हातात कुऱ्हाड. टीव्हीवर जाहिराती लागल्या आणि आई-बाप थेटरांसमोर फलक घेऊन उभे राहिले. थोड्याच दिवसांत वितरकानं सिनेमा काढून घेतला. त्या आयांचा राग मी समजू शकतो, ज्याची लेकरं वाट बघतात त्याच्याच हातात कुऱ्हाड दिली होती. सिनेमा म्हणूनही तो भरड आहे, रक्ताला हपापलेला. पण त्यात एक पोर आहे. नाताळच्या रात्री त्याच्या डोळ्यांदेखत सांताच्या वेशातला दरोडेखोर त्याच्या आईबापांना मारतो. मग अनाथाश्रम, कडक शिस्त, शिक्षा. मोठं झाल्यावर खेळण्यांच्या दुकानात त्यालाच तो लाल अंगरखा चढवतात. इतक्या वर्षांत त्या पोराला जवळ घेऊन, तू काय पाहिलंस रे, असं फार थोड्यांनी विचारलं. तेवढा अर्धा तास तो सिनेमा खरा आहे.

मराठीत नाताळातला भयपट मला भेटलेला नाही. पण थोडक्यात मोठी भीती उभी करणं आपल्यालाही येतं. विशाल फुरिया यांचा २०१७चा 'लपाछपी' बघा. उसाच्या फडातलं एक घर, एक गरोदर बाई, बराचसा भाग भर उन्हात. पूजा सावंत त्या उसात धावते आणि वाट पुन्हा त्याच घरापाशी येते. तिथली भुतं म्हणजे जन्माला येऊ न दिलेल्या, आल्यावर ठेवून न घेतलेल्या मुलींच्या हिशेबातली. तीही मोजणीच.

हे सगळं सिनेमातलं. आमच्या जिल्ह्याला मात्र आवाज आणि अंधार यांचा सिनेमा बघावा लागत नाही. वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदे आणि भोवतालच्या गावांत, तिकडं औंढा, कळमनुरीच्या काही शिवारांत, वर्षानुवर्षं जमिनीच्या पोटातून आवाज येतात. गुडगुडल्यासारखा, दूर कुणी मोठी पेटी ओढल्यासारखा. भांडी वाजतात, पत्रे थरथरतात, लोक बाहेर येतात, अर्धा तास उभे राहून आत जातात. २०२४च्या २१ मार्चला पहाटे आणि पुन्हा १० जुलैला सकाळी ४.५ तीव्रतेचे धक्के बसले. कधी यंत्रात नोंद होते, कधी नुसता आवाज. दिसत काहीच नाही. 'ब्लॅक ख्रिसमस'मधल्या मुली रिसीव्हरभोवती डोकी जुळवून ऐकतात ना, तशी मी पांगऱ्याकडच्या एका अंगणात बाया-माणसं उभी पाहिली आहेत, मान किंचित कलती, श्वास धरलेला.

ही माणसं उगाच बाहेर धावत नाहीत. १९९३चा गणपती आमच्या पिढीच्या अंगात आहे. विसर्जन आटोपून, गुलाल धुऊन गावं झोपली आणि ३० सप्टेंबरच्या पहाटे, चारला चार मिनिटं कमी असताना, लातूर-उस्मानाबादकडं जमीन हलली. किल्लारी, सास्तूर आणि किती गावं. मातीत दगड रचून केलेल्या जाड भिंतींची घरं झोपलेल्यांवर पडली. आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. आमच्याकडं नुसतं हादरलं. मी बाजेसकट भिंतीकडं सरकलो एवढं आठवतं. दिवस उजाडल्यावर रेडिओभोवती गाव जमलं. माझ्या एका वर्गमित्राचं आजोळ त्या बाजूला होतं. त्याची आई पायरीवर बसून बोटांची पेरं मोजत होती. भाऊ, भावजय, तीन लेकरं, म्हातारा, म्हातारी. पुन्हा पहिल्यापासून. तिला कुणी थांबवलं नाही. नंतर कितीतरी महिने लोक घरात झोपले नाहीत, अंगणात खाटा टाकून झोपले, आणि दिवाळी आली तरी पणत्या दाराबाहेरच लागल्या.

भयपटांना हलकं म्हणणारी माणसं मला भेटतात. त्यांच्याशी मी वाद घालत नाही, पण माझं मन दुखतं. कुणीतरी कुठंतरी, हाती काही नसताना, खांद्यावर कॅमेरा बांधून, पियानोला काटे-सुऱ्या बांधून, त्या पायरीवरच्या बाईची पेरं मोजणारी बोटं दाखवायचा प्रयत्न करत असतो. बहुतेकांना जमत नाही. क्लार्कला जमलं.

त्या रात्री उरलेला सिनेमा तीनच्या पुढं बघून झाला. शेवटी पोलीस निघून जातात, क्लेअरच्या बापाला धक्का बसलेला असतो, वाचलेल्या एका मुलीला झोपेचं औषध देऊन घरात ठेवलेलं असतं. माळ्याच्या खिडकीत क्लेअर तशीच. आणि खाली फोन वाजू लागतो. नावं वर सरकत जातात आणि तो वाजतच राहतो. चुलतभाऊ बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "दादा, तिच्या बापाला आता कोन सांगन?"

वीज गेली तेव्हा चार वाजून गेले होते. मोटार एकदम थांबली आणि पाइपातलं उरलेलं पाणी विहिरीत परत कोसळल्याचा आवाज आला. मग शिवारभर काहीच नाही. हरभऱ्यावर दव, टिटवीही गप्प. आगीवर माती ओढताना माझ्या ध्यानात आलं की चारचा मिस कॉल आलेला नाही. बारा, एक, दोन, तीन, सगळे वेळेवर आले होते आणि मी उलटे दिले होते. मी दहा मिनिटं थांबलो. मग स्वतःच लावला.

घंटी वाजत राहिली. गावाच्या दिशेला एकही दिवा नव्हता. चुलतभाऊ फावडं हातात धरून माझ्या तोंडाकडं बघत उभा होता. एकदा लागून बंद झाली. पुन्हा लावली. मी नकळत घंट्या मोजू लागलो होतो, आणि सातवीला पलीकडून खोकल्याचा आवाज आला.

"चुलीपाशी होते बाबा," माय म्हणाली. "पानी ठिवलंय दोघांच्या आंघोळीचं. निगा आता."

चुलतभावानं फावडं दांडात धुतलं आणि खांद्यावर घेतलं.